फरीदा, तुझ्या बांगड्यांची चौकशी झाली

फरीदा,

तू गेलीस त्याच आठवड्यात तुझ्याबद्दल एक मेसेज फिरायला लागला. वर तुझा गॅदरिंगमधला फोटो, हातात माइक, तोंड अर्धवट उघडं. खाली मजकूर: ‘पनवेलच्या या शिक्षिकेने लग्नातल्या सोन्याच्या बांगड्या विकून गरीब मुलांसाठी शाळेत कम्प्युटर आणले. कधी कोणाला कळू दिलं नाही. आज ती आपल्यात नाही. वाचून डोळ्यांत पाणी आलं असेल तर पुढे पाठवा.’ मला तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, भाजीवालीकडून आला, आणि नागपूरच्या नणंदेकडूनही आला. तिला तर तू माहीतसुद्धा नव्हतीस.

डोळ्यांत पाणी आलंच. खोटं कशाला बोलू? मग पाणी पुसलं आणि ग्रंथपालाची जात जागी झाली. बांगड्या? तुझ्या हातात मी कधी बांगडी पाहिली नव्हती. पण पुन्हा वाटलं, विकल्या म्हणूनच घालत नसशील. तू असं काही करून गप्प बसणाऱ्यांतली नव्हतीस, हेही खरं. तू साधा माउस दुरुस्त केलास तरी सगळ्या स्टाफरूमला कळायचं.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा ठरली होती. फोनवर तोच मेसेज उघडून ते म्हणाले, “बाई, तुम्ही त्यांच्या सर्वांत जवळच्या. हाच मजकूर वाचून दाखवा. सगळं आलंय यात. मी फ्रेमही करायला टाकतो, कम्प्युटरच्या खोलीत लावू.” त्यांचा हेतू चांगला होता. मी “बघते” म्हणून निघाले.

ग्रंथालयाशी आले तर व्हरांड्यातल्या आपल्या खऱ्याखोट्याच्या फळ्यासमोर मुली उभ्या होत्या. नववीतली करंजाड्याची श्रावणी, जिला तू ‘वकीलसाहेब’ म्हणायचीस, तिने त्या मेसेजची प्रिंट काढून आणली होती. प्रिंटवर तुझा चेहरा काळाकुट्ट आला होता. तिने कागद टाचणीने लावला आणि शेजारी खडूने लिहिलं, ‘विचारतोय’. लिहून झाल्यावर मला म्हणाली, “बाई, चालेल ना?”

चालेल का, ते मलाच ठाऊक नव्हतं. मनात आलं, हा एवढा एक कागद काढून टाकावा. यात कोणाचं नुकसान नाही, कोणाची बदनामी नाही, उलट तुझं नाव गावभर होतंय. आणि उद्या याच फळ्यावर तुझ्या नावापुढे ‘खोटं’ लिहायची वेळ आली, तर ते लिहू देण्याची छाती माझी आहे का? ज्या फळ्यासाठी आपण दोघींनी इतकी भांडणं केली, तो खरा की नुसता शोभेचा, हे आता तुझ्यावरूनच ठरणार होतं. कागद काढायला मी हात वर केला, आणि टाचणी नीट बसली नव्हती ती बसवून हात खाली घेतला.

आपली ओळखच भांडणाने झाली, आठवतं? तू नवीन कम्प्युटर टीचर म्हणून आलीस, तुला वर्ग नव्हता, म्हणून तुझी यंत्रं माझ्या ग्रंथालयात आणून ठेवली. खारघरच्या कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेली ती यंत्रं. पडदे पिवळे पडलेले, एकाला तर बटणच नाही, ते तू पेन्सिलीच्या टोकाने चालू करायचीस. पहिल्याच दिवशी तू माझ्या पंख्याची वायर काढून स्वतःची जोडलीस. मी म्हटलं, “अहो मॅडम, तो पंखा आहे.” तू म्हणालीस, “पुस्तकांना गरम होत नाही, बाई. मशीनला होतं.” मला गरम होतं की नाही हे तू विचारलंच नाहीस. दुसऱ्या दिवशी मात्र घरून एक लांबलचक एक्स्टेन्शन घेऊन आलीस, पंखा लावलास आणि म्हणालीस, “घ्या. तुमची हवा, माझी वीज.” कधी आपण अहो-जाहो सोडलं ते कळलंही नाही.

तेव्हा नुकते घरोघरी फोन आले होते आणि मुलं काहीबाही घेऊन यायची. उद्या पनवेलला पाणी येणार नाही. कर्नाळ्याला बिबट्या दिसला, सहल रद्द. अमुक फळ खाल्लं की तमुक आजार बरा. मी वैतागायचे. म्हणायचे, पूर्वी उचलली जीभ लावली टाळ्याला असं होतं, आता जिभेचेही कष्ट नकोत, अंगठा पुरतो. तू फोनची बाजू घ्यायचीस. “फोन काय करणार? पूर्वीही लोक पारावर बसून हेच करायचे. तुझी पुस्तकं कमी खोटी आहेत का? फक्त बाइंडिंग चांगलं.”

त्या भांडणातून हा फळा निघाला. अर्धी कल्पना माझी, अर्धी तुझी, आणि आपण दोघीही आयुष्यभर पाऊण कल्पना माझी म्हणत राहिलो. नियम साधा. जो मेसेज खरा वाटत नाही, किंवा फारच खरा वाटतो, तो कागदावर घेऊन या. फळ्यावर लावा. मग ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडे पायी जा आणि विचारून या. डोळे आणि कान यांत चार बोटांचं अंतर असतं, ते चालून कापायचं, एवढंच माझं म्हणणं. पाण्याचा मेसेज आला तेव्हा मुलं व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या काकांकडे गेली. काका हसायला लागले, कारण गावाला पाणी किती वाजता येतं हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं, सगळे फक्त आलं नाही म्हणून ओरडायला जायचे. मुलं परत आली ती हवेत तरंगतच.

माझे शब्द दोन होते, ‘खरं’ आणि ‘खोटं’. तू तिसरा घातलास, ‘कळलं नाही’. मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, असं लिहिलं तर मुलं आळशी होतील, अर्ध्या वाटेतून परत येतील. तू म्हणालीस, “सुलभा, जो माणूस ‘मला कळलं नाही’ असं चारचौघांत म्हणू शकतो ना, त्याच्या हातात मी माझं मत डोळे मिटून देईन.” नागरिकशास्त्र आपल्याकडे पेपराच्या शेवटी उरलेल्या वेळात लिहायचा विषय. इतकी वर्षं त्याची पुस्तकं मी कपाटात लावली. पण त्या विषयाचं सार मला त्या वाक्यात मिळालं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तेव्हा मी म्हटलं, “खडू वाया जातो.”

आणि मग तो मच्छीचा मेसेज. तो टाळून तुझ्याविषयी लिहिताच येणार नाही.

माझ्या भाचीचा साखरपुडा होता पेणला, मी रजेवर होते. ग्रंथालयाची किल्ली तुझ्याकडे. एक मूल मेसेज घेऊन आलं: ‘पनवेलकरांनो सावधान, खाडीत रसायन सोडलंय, मासे मेलेत, मच्छी खाऊ नका.’ सोबत पाण्यावर उलट्या पडलेल्या माशांचा फोटो. आता माझी सवय तुला ठाऊक. कुठलाही कागद ग्रंथालयात आला की त्यावर शाळेचा गोल शिक्का. पुस्तक असो, वर्तमानपत्र असो, कॅलेंडर असो. शिक्का नसलेला कागद माझ्या खोलीत राहायचा नाही, यावरून मी तुला किती बोलले असेन. त्या दिवशी माझ्या गैरहजेरीत तू अगदी शहाण्या बाळासारखा तो कागद शिक्का मारून फळ्यावर लावलास. ‘विचारतोय’ हे शेजारी खडूने लिहिलंस. कोणीतरी जाता जाता फोटो काढला. कागद आला, शिक्का आला, खडूचं अक्षर फोटोच्या बाहेर राहिलं.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर. ‘शाळेनेही शिक्का मारून कळवलं आहे.’ दुसऱ्या दिवशी मच्छी मार्केटमध्ये कोणी फिरकलं नाही. जिताडे, बोईट, चिंबोऱ्या, सगळं तसंच पडून.

मी आले तेव्हा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तू उभी होतीस. सर म्हणत होते, “मॅडम, आपण काही बोलायचं नाही. दोन दिवसांत लोक विसरतात. बोललो की उगाच शाळेचं नाव.” मलाही आतून तेच बरं वाटत होतं. तू म्हणालीस, “सर, तो शिक्का लोकांनी पाहिलाय. आता ‘तपासलं नव्हतं’ म्हणणाराही तेवढाच दिसायला पाहिजे.” आणि पर्स उचलून निघालीस. मी तुझ्या मागे. रस्त्यात तू पुटपुटत होतीस, “तौबा तौबा, तुझा तो शिक्का!” मी म्हणत होते, “माझा शिक्का वर्षानुवर्षं कोणाला चावला नाही. तुझ्या फोनने चावला.” मार्केट येईपर्यंत आपण दोषाची वाटणी करत होतो, ती आजवर झालेली नाही.

हिरामावशीचा ओटा अगदी दारात. तिची नात आपल्या शाळेत, त्यामुळे तिला आपली शाळा पक्की ठाऊक. तुला बघताच ती मासे कापायच्या कोयत्यावरून उठलीच.

“काय गो मॅडम, आमी काय लोकांना इष खावला घालतो? तुमच्या शिक्क्यान माजा आख्खा धंदा बसला. माजा दादला रातभर खाडीन होता, त्याला ईचारलास तू? कोनाला तरी ईचारलास?”

मला वाटलं, आता तू सांगशील की तो कागद विचारण्यासाठीच लावला होता, नियम असा असा आहे, दोष फोटो काढणाऱ्याचा आहे. सगळं खरं होतं. तू यातलं काहीही बोलली नाहीस.

“नाही विचारलं, मावशी,” तू म्हणालीस. “शिक्का मी मारला. विचारायच्या आधी मारला. माझी चूक आहे.”

“मंग आता काय?”

“आता इथेच उभी राहते. येईल त्याला सांगते.”

आणि राहिलीस. जो कोणी दारात यायचा, पाऊल मागे घ्यायचा, त्याला तू थांबवून सांगायचीस, मी शाळेतली कम्प्युटरची मॅडम, तो शिक्का माझा, आम्ही काहीही तपासलेलं नव्हतं, तो कागद आमच्या शब्दावर खरा मानू नका. एकाने विचारलं, मग मच्छी चांगली आहे ना? तू काय म्हणालीस ते ऐकून मी कपाळावर हात मारला. “ते मला अजून कळलं नाही. मुलं विचारायला गेलीत.” अगं, एवढ्यापुरतं तरी हो म्हणायचंस! हिरामावशीही वैतागली. “ही बाय माजी मच्छी खपवाला आयली का रोखाला?” पण तुझं म्हणणं, एक शिक्का न विचारता मारला, त्याची भरपाई दुसरा न विचारता मारून कशी करू?

मुलं खरंच गेली होती. काही खाडीवर, होड्या लागतात तिथे. बाकीची तुझ्या यंत्रांवर. तो फोटो कुठून आला हे शोधायला तूच त्यांना शिकवलं होतंस, मला ती जादूच वाटायची. उन्हं चढल्यावर श्रावणीची मोठी बहीण, तेव्हा ती दहावीत, धावत आली. फोटो जुना, दुसऱ्याच राज्यातल्या तलावाचा. खाडीवरच्या पाच होड्यांना विचारलं, मेलेला मासा कोणी पाहिलेला नाही, पाणी आणि मासळी रोजच्यासारखी. मग तू जी ओरडलीस! मार्केटच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. “खोटं आहे! विचारून आलो! खोटं आहे!” कम्प्युटरच्या टीचरने मच्छी मार्केटमध्ये आरोळी ठोकली, आणि हिरामावशीने ओट्याखालचा पाट काढून तुझ्यापुढे सरकवला. “बस गो आता. उबी राहून पाय मोडतील तुजे.”

त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी जेवले नाही, नुसती बोलत राहिले. तुला मात्र एवढंच म्हणाले, “मासळीचा वास येतोय तुला, अंघोळ कर.” आपल्याकडे हे असंच. रागवायचं तोंडावर, कौतुक करायचं पाठीमागे. आता तू पाठ फिरवलीस ती कायमची, म्हणून हे लिहितेय.

दर ईदला हिरामावशीचा जिताडा तुझ्या घरी यायचा. शिक्क्याचा नियमही बदलला, विचारून आल्याशिवाय शिक्का नाही. तो नियम मी केला, आणि केला तेव्हा तू नुसता माझा पंखा एक नंबरने वाढवलास.

तर तुझी चौकशी. नियमाप्रमाणे ज्याच्याबद्दल आहे त्यालाच विचारायचं, पण तू हाताशी नव्हतीस. श्रावणी म्हणाली, “मग त्यांच्या घरी.” दुःखाच्या घरी, अजून लोक भेटायला येताहेत, तिथे मुलींना घेऊन बांगड्यांबद्दल विचारायला कसं जायचं? मी रात्र... नाही, रात्रभर जागले वगैरे म्हणणार नाही, तुला असलं आवडत नाही. जेवले, झोपले, आणि सकाळी ठरवलं की मुलींना एकटं पाठवायचं नाही, मी सोबत जायचं.

दार तुझ्या मिस्टरांनी, अन्वरभाईंनीच उघडलं. चष्म्याचं दुकान त्यांनी अजून उघडलेलं नव्हतं, आणि त्यांचा स्वतःचाच चष्मा कसातरी दोरीने बांधलेला. तुझ्या सासूबाई आत पलंगावर होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं आणि उशीखालून फोन काढून तो मेसेज दाखवला. “देखो, सारं पनवेल तिची तारीफ करतंय. माझ्या बहूची.” म्हटलं, आता उठावं, मुलींना खुणेने गप्प करावं. पण श्रावणी तुझीच विद्यार्थिनी. ती खाली मान घालून, हळू पण सरळ म्हणाली, “काका, आम्ही फळ्यावर लावलंय. खरं आहे का, ते विचारायला आलोय. नको असेल तर आम्ही ‘कळलं नाही’ लिहू.”

अन्वरभाईंनी चष्मा काढला, दोरी बोटाला गुंडाळली आणि त्यांना हसू फुटलं. रडताना माणसाला येतं तसलं.

“बांगड्या? बेटा, निकाहनंतर आठवडाभरात तिने बांगड्या उतरवल्या. कीबोर्डवर वाजतात म्हणायची. अम्मीच्या कपाटात आहेत, आजही. विकायचं सोड, त्या कुठे ठेवल्यात ते तिला माहीत नव्हतं.”

“आणि कम्प्युटर?” श्रावणीने विचारलं. वकीलसाहेब खरी.

“भंगारात निघाले होते. टेम्पो मीच घेऊन गेलो होतो. कमर दुखली माझी, ते कोणी लिहीत नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “अरे, राहू दे ना. चांगलंच लिहिलंय. मरणाऱ्याचं चांगलं बोलावं.” त्यांचं चूक तरी कसं म्हणू? अन्वरभाई त्यांच्या पायाशी बसले. “अम्मी, लोक तिच्या बांगड्यांची तारीफ करतात. तिची कुठे करतात?” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “लिहा खोटं. नाहीतर ती मला तिथे गेल्यावर सोडणार नाही.” निघताना सासूबाईंनी मुलींच्या हातावर खजूर ठेवले आणि श्रावणीला म्हणाल्या, “तू तिच्याकडेच शिकलीस वाटतं.” ती नुसती मान हलवून “हो” म्हणाली.

परत येताना मार्केटवरून आलो. माझ्या मनात नव्हतं, पायच वळले. हिरामावशी आता थकली आहे, ओट्यावर सून बसते, ती बाजूला खुर्चीत. तू गेल्याचं तिला कळलेलं होतं. तिच्या हातात मेसेज नव्हता, तिच्याकडे साधा फोन. मी म्हटलं, मावशी, मुली फळ्यावर फरीदाबद्दल लिहितायत, तुमचं काही सांगायचं आहे का?

“सांगाचा काय,” ती म्हणाली. “ती आयली न् चुकले म्हनली. माज्या एवड्या वर्साच्या धंद्यान एक बी शिकलेला मानूस मना असा म्हनला नाय. ह्या लिवा. ह्या खरा हाय.”

श्रावणीने फळ्यावर कागदाशेजारचं ‘विचारतोय’ पुसलं. खडू माझ्याकडे धरून उभी राहिली. मला वाटलं होतं, हात उठणार नाही. उठला गं. मी लिहिलं:

‘फरीदा मॅडमनी बांगड्या विकून कम्प्युटर आणले: खोटं. त्यांच्या घरी विचारून आलो.

फरीदा मॅडमनी चुकीचा शिक्का मारला, आणि मच्छी मार्केटात उभं राहून चूक झाली म्हणाल्या: खरं. हिरामावशींना विचारून आलो.’

आणि मग त्या कागदावर मी शाळेचा शिक्का मारला. विचारून आल्यानंतर मारला. दहा मुली बघत होत्या. ताठ मानेने मारला.

शनिवारी हॉल भरला होता. मुख्याध्यापकांना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की तो मजकूर मी वाचणार नाही. ते कावरेबावरे झाले. “पण बाई, लोकांना आवडलाय तो. आणि मच्छीची गोष्ट सांगायची म्हणजे शाळेची चूक आपणच पुन्हा...” मी म्हटलं, सर, आपल्या शाळेकडे चषक पुष्कळ आहेत, चूक झाली म्हणून भर बाजारात उभी राहिलेली शिक्षिका एकच आहे. मग फ्रेमची ऑर्डर त्यांनी रद्द केली, हे मला शिपायाकडून कळलं. मी गोष्ट सांगितली, शिक्क्यासकट, तुझ्या “कळलं नाही”सकट. मागच्या रांगेत हिरामावशी सुनेचा हात धरून बसली होती. लोक रडले, पण हसले जास्त. तुला हेच आवडलं असतं, असं मी म्हणत नाही. तू म्हणाली असतीस, “आवाज मागेपर्यंत येत नव्हता.”

आता आपलं शेवटचं भांडण. तू आजारी होतीस, मी भेटायला आले, तू उशीला टेकून म्हणालीस, “सुलभा, फळा फोनवर टाक. खोटं गावभर फिरतं आणि तुझं खरं व्हरांड्यात उभं. येईल तो वाचेल, असं किती दिवस?” मी म्हटलं, ज्याला खरं हवं त्याने चार पावलं चालावीत. तू म्हणालीस, “जो चालू शकत नाही तो?” मी म्हटलं, बरं वाटू दे, मग भांडू. ते राहून गेलं.

शोकसभेनंतर रविवारी पुन्हा तो बांगड्यांचा मेसेज आला, आमच्या दूधवाल्याकडून. गावात सगळ्यांच्या हातात तुझ्या बांगड्या, आणि तू मात्र व्हरांड्यात, खडूने लिहिलेली. मला फार लागलं ते. सोमवारी मी फळ्यासमोर उभी राहिले, फोन काढला, फोटो घेतला. पहिल्या फोटोत माझा अंगठा आला. दुसरा जमला, खडूचं अक्षर पुरतं आत घेऊन. फरीदा, आयुष्यात मी कधी कोणाला काही फॉरवर्ड केलेलं नाही, शुभ सकाळसुद्धा नाही. तो फोटो सोसायटीला पाठवला, भाजीवालीला, दूधवाल्याला, नागपूरच्या नणंदेला. खाली लिहिलं, ‘ही माझी मैत्रीण. पुढे पाठवा.’ तू जिंकलीस. घे.

तो फिरला. किती फिरला, मला कळलं नाही.

काल मधल्या सुट्टीत सहावीतल्या दोन मुली आल्या, यंदाच शाळेत आलेल्या, तुझ्या हाताखाली न शिकलेल्या. हातात एक प्रिंट. फळा, खडूचं अक्षर, कोपऱ्यात गोल शिक्का. माझ्याच फोटोची, कोणाकोणाच्या फोनवरून फिरून आलेली.

“बाई, हा मेसेज फिरतोय,” एक म्हणाली. “त्या मॅडम बाजारात उभ्या राहून चूक झाली म्हणाल्या म्हणे. आम्हाला खरं नाही वाटत. विचारायचंय.”

शिक्का दिसत होता त्यांना. तरी विचारायला आल्या होत्या. मी त्यांना टाचणी दिली, खडू दिला, आणि मच्छी मार्केटचा रस्ता सांगितला.